जुन्या फॅनकवर घरी बनवलेला आरएस-२३२ बॉक्स लावलाय आणि प्रोग्राम मधेच तुटतोय, तर काय बघायचं

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की एकदाच सविस्तर लिहून टाकतो. व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनवर, फॅनक झीरो एम कंट्रोल (मशीन चालवणारा कॉम्प्युटर), ऐंशी-नव्वदच्या दशकातला, मशीन अजून ठणठणीत, पण आताच्या लॅपटॉपला सिरीयल पोर्ट (आरएस-२३२, एकामागून एक बिट पाठवणारा जुना पोर्ट) नाही, म्हणून कुणीतरी हौसेनं किंवा शेठनी सांगितलं म्हणून आर्डुइनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), मॅक्स२३२ (त्याचे सिग्नल आरएस-२३२ च्या व्होल्टेजमधे बदलणारी आयसी) आणि एसडी कार्डाचं मॉड्यूल झीरो पीसीबीवर सोल्डर करून एक डबा बनवतो, डीबी२५ (पंचवीस पिनांचा कनेक्टर) नी मशीनला लावतो, आणि छोटा प्रोग्राम मस्त जातो. सगळे खूष. मग डायचा मोठा, कॅम सॉफ्टवेअरनं काढलेला प्रोग्राम लावला की मधेच अलार्म. परत लावला की कधी जातो कधी नाही. मग आयसी बदल, केबल बदल, बॉड रेट (सेकंदाला किती बिट जातात तो वेग) कमी कर, आणि चार दिवस चाललं की "झालं बरं का" म्हणून जाहीर करायचं आणि पाचव्या दिवशी परत तेच.

ज्यांना वाटतं एवढी उठाठेव कशाला, प्रोग्राम मेमरीतच ठेवा की, त्यांच्यासाठी: या कंट्रोलची मेमरी कागदी टेपच्या मीटरमधे मोजतात. ८० मीटर म्हणजे साधारण ३२ केबी, ३२० मीटर म्हणजे १२८ केबीच्या आसपास. मोल्डच्या थ्रीडी फिनिशिंगचा प्रोग्राम दोन-तीन एमबी सहज होतो. तो मेमरीत मावतच नाही, बाहेरून थेंब थेंब सोडावा लागतो, आपण ज्याला ड्रिप फीड म्हणतो ते. म्हणजे डबा तासन्‌तास न अडखळता चालला पाहिजे, आणि नेमकं तिथंच घरगुती सर्किटचं पितळ उघडं पडतं.

आता माझं म्हणणं एवढंच आहे की पार्ट बदलायच्या आधी दोन गोष्टी कागदावर लिहा. अलार्म नंबर कुठला आला आणि कुठल्या ब्लॉकला (प्रोग्रामच्या ओळीला) तुटलं. ऑपरेटर रिसेट मारून मोकळा होतो आणि "साहेब ते नेहमीचंच आलं" एवढंच सांगतो, त्याला आधी सांगून ठेवा की स्क्रीनचा फोटो काढल्याशिवाय रिसेट मारायचा नाही. कारण ८५, ८६ आणि ८७ हे तीन अगदी वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. ८५ म्हणजे आलेलं कॅरेक्टरच खराब, पॅरिटी (तपासणीचा जादा बिट) चुकली, फ्रेमिंग (कॅरेक्टरची सुरुवात-शेवट) चुकलं किंवा ओव्हररन, म्हणजे आधीचं उचलायच्या आत पुढचं आलं. ८६ म्हणजे डीआर सिग्नल गेला, म्हणजे मशीनला वाटतंय समोर कुणी तयारच नाही. ८७ म्हणजे मी थांब म्हटलं तरी समोरचा थांबला नाही, बफर (आलेला डेटा तात्पुरता ठेवायची जागा) ओव्हरफ्लो. आणि जागा. दरवेळी त्याच ब्लॉकला तुटत असेल तर वायर, आयसी, अर्थिंग यातलं काहीही नाही, फाइलमधे काहीतरी आहे. दरवेळी वेगळ्या ब्लॉकला पण साधारण तितकाच वेळ गेल्यावर तुटत असेल तर बफरचा खेळ. आणि कुठंही कधीही, चहाच्या सुट्टीत चालतं आणि शेजारचं वेल्डिंग सुरू झालं की तुटतं, तर मग इलेक्ट्रिकल.

त्याच ब्लॉकला तुटणाऱ्याचं पटकन उरकतो. फाइल हेक्स एडिटरमधे उघडा. कुणीतरी प्रोग्राम वर्डमधे उघडून "नीट" केलेला असतो आणि वर्डनं मायनसच्या जागी लांब डॅश घातलेला असतो, दिसायला तसाच दिसतो पण तो सात बिटांत बसतच नाही. किंवा कंसातल्या कमेंटमधे कुणी मराठीत जॉबचं नाव लिहिलेलं असतं. सेटिंग पेजवर टीव्ही चेक चालू राहिला असेल तर ००२ नंबरचा अलार्म येतो, ब्लॉकमधली कॅरेक्टर विषम झाली की तो ओरडतो, तो झीरो करा. सुरुवातीला आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह आहे ना बघा. झालं, पुढं.

८६ पण फार मोठा नाही. या मशीनला सगळे हँडशेकचे (तयार आहे, थांब, चल असं सांगणारे) सिग्नल हवे असतात आणि आपल्या डब्यातून येतात फक्त तीन वायर, म्हणून मशीनच्या बाजूच्या डीबी२५ मधे ४ आणि ५ एकमेकांना जोडायच्या, आणि ६, ८, २० या तिन्ही एकत्र जोडायच्या, म्हणजे मशीन आपलाच सिग्नल आपल्यालाच परत देऊन समाधानी राहतं. ८६ जर अधूनमधून येत असेल तर नव्वद टक्के वेळा याच जंपरचं सोल्डर सुटलेलं असतं, हूडच्या (कनेक्टरच्या कव्हरच्या) आत केबलचा ताण बसून. बाहेरून कंटिन्युटी लावली तर बीप येतो, केबल वाकवली की जातो. कनेक्टर हलवत हलवत मीटर लावा. आणि हूडमधे केबल क्लॅम्प न लावता नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळणारे जे लोक आहेत त्यांना काय म्हणावं.

इथेच एक सांगून ठेवतो. मशीनच्या डीबी२५ वर पिन २५ ला चोवीस व्होल्ट डीसी असतो, जुन्या टेप रीडरला पॉवर द्यायला दिलेला. बाजारातली तयार पंचवीस तारांची सरळ केबल लावली तर तो चोवीस व्होल्ट तुमच्या डब्यात किंवा लॅपटॉपच्या पोर्टात येतो. म्हणून केबल नेहमी स्वतः बनवा, लागतील तेवढ्याच पिना भरा, आणि २५ रिकामी ठेवा. डबा त्या चोवीसवरच चालवायची आयडिया बऱ्याच जणांना सुचते, सुचली तरी करू नका, का ते अर्थिंगच्या ठिकाणी येईल.

लॅपटॉपच्या डीबी९ साठी केबल बनवत असाल तर क्रॉस करायचं म्हणून डोळे झाकून २ ला ३ नका जोडू. डीबी२५ मधे २ नंबर पाठवायची आणि डीबी९ मधे २ नंबर घ्यायची, म्हणजे नंबर बघितले तर २ ला २, ३ ला ३, आणि ७ ला ५ असं येतं. क्रॉस तिथं आपोआप झालेला असतो.

आता ८७, म्हणजे खरा छळवादी. छोटा प्रोग्राम जातो आणि मोठा तुटतो हे ज्यांचं रडगाणं आहे त्यांचा बहुतेक हाच असतो, कधी कधी स्क्रीनवर ८५ येतो कारण ओव्हररनसुद्धा ८५ मधेच मोडतो. मशीनचा बफर भरत आला की कंट्रोल डीसी३ पाठवतो, म्हणजे एक्सऑफ, थांब. जागा झाली की डीसी१, म्हणजे एक्सऑन, चल. तीन वायरच्या केबलमधे थांबवायचा हा एकच मार्ग आहे, कारण बाकीचे हँडशेक आपणच जंपर टाकून मारून टाकलेत. आणि थांब म्हटल्यावर फॅनक अजून दहा कॅरेक्टरपर्यंतच सहन करतो, अकरावं आलं की ८७. दहा. हा आकडा डोक्यात पक्का बसवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

छोटा प्रोग्राम का जातो? कारण तो बफर भरायच्या आतच संपतो, थांब म्हणायची वेळच येत नाही. म्हणजे तो गेला यावरून तुमचं हँडशेक चालतंय असं काहीच सिद्ध होत नाही.

डब्याच्या प्रोग्राममधे तीन ठिकाणी माशी शिंकते आणि बहुतेक डब्यात तीनपैकी दोन तरी असतात.

पहिलं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लोकांना चकवणारं. फॅनक आयएसओ कोडमधे बोलतो, सात बिट डेटा आणि आठवा बिट इव्हन पॅरिटी. डीसी१ म्हणजे हेक्स ११, बायनरीत त्यात दोनच एक आहेत, सम, म्हणून पॅरिटी शून्य आणि वायरवरून ११ च येतो. डीसी३ म्हणजे हेक्स १३, त्यात तीन एक आहेत, विषम, म्हणून पॅरिटीचा एक वर चढतो आणि आठ बिट म्हणून वाचलं तर तो ९३ दिसतो. आता डब्याचा पोर्ट जर आठ बिट, नो पॅरिटी असा उघडलेला असेल आणि पाठवताना पॅरिटी हातानं लावलेली असेल, आणि कोडमधे लिहिलंय की १३ आला तर थांब, तर हा डबा "चल" व्यवस्थित ऐकतो आणि "थांब" आयुष्यात कधीच ऐकत नाही. सुरुवात बरोबर होते, मशीननं ११ दिला की पाठवायला लागतो, सगळं छान वाटतं, आणि बफर भरला की धाडकन ८७. उपाय एका ओळीचा आहे, आलेला प्रत्येक बाइट ७एफ नी अँड करून घ्या, म्हणजे आठवा बिट पुसला जातो (याला मास्किंग म्हणतात), आणि मग तपासा. किंवा पोर्टच सात बिट, इव्हन, दोन स्टॉप असा उघडा, आर्डुइनोच्या हार्डवेअर सिरीयलला तो पर्याय आहे, मग पॅरिटी चिपच काढून टाकते.

लोक आठ बिट का वापरतात म्हणाल, तर सॉफ्टवेअर सिरीयलमुळे, आणि तेच दुसरं. उनोला हार्डवेअर पोर्ट एकच, तो यूएसबीला गेलेला, मग मशीनसाठी दोन साध्या पिनांवर सॉफ्टवेअर सिरीयल लायब्ररी लावतात. ती लायब्ररी आठ बिट नो पॅरिटी एवढंच जाणते. आणि त्याहून वाईट म्हणजे एक बाइट पाठवताना ती इंटरप्ट (चिपला मधेच हाक मारायची सोय) बंद करते, म्हणजे बोलत असताना ती बहिरी असते. मशीननं नेमकं त्याच वेळात थांब म्हटलं तर ते हरवलं. आणि ड्रिप फीडमधे आपण जवळजवळ सतत बोलतच असतो, म्हणजे हरवायची शक्यताच जास्त. हे कुठल्याही मास्किंगनी सुधारत नाही. मेगा २५६० घ्या, त्याला चार हार्डवेअर पोर्ट आहेत, १८ आणि १९ नंबरच्या पिनांवर दुसरा पोर्ट मिळतो, मशीन तिथं लावा आणि डिबगला यूएसबी मोकळं राहतं. उनोवर सॉफ्टवेअर सिरीयलनी ड्रिप फीड चालवून दाखवणारे व्हिडिओ असतील, त्यात प्रोग्राम किती मोठा आहे तेवढं बघा.

तिसरं हार्डवेअर पोर्ट वापरणाऱ्यांना गाठतं. आर्डुइनोमधे पाठवायचा बफर ६४ बाइटचा असतो. तुम्ही एसडीवरून एक ओळ वाचली आणि अख्खी ओळ राइटला दिली, ती त्या बफरमधे जाऊन बसली आणि तिथून इंटरप्टवर आपोआप बाहेर जात राहते. मशीननं थांब म्हटलं, तुमच्या कोडनं ते ऐकलं पण, पुढचं राइट थांबवलं पण, तरी बफरमधले वीस-तीस कॅरेक्टर बाहेर पडतच राहतात. दहाची मर्यादा आठवा. म्हणून एक एक कॅरेक्टर पाठवा, पाठवल्यावर फ्लश बोलवा म्हणजे ते खरंच बाहेर पडेपर्यंत थांबेल, आणि पुढचं पाठवायच्या आधी आलेलं काही आहे का वाचा. हळू होईल वाटतं पण होत नाही, ४८०० बॉडला सात बिट इव्हन दोन स्टॉप धरून एका कॅरेक्टरचे अकरा बिट, म्हणजे सेकंदाला ४३६ कॅरेक्टर, वायरच एवढी हळू आहे की प्रोसेसर रिकामा बसलेला असतो. ईएसपी३२ वाल्यांनी जास्त सांभाळा, तिथं चिपमधलाच फिफो (आतला बफर) १२८ बाइटचा आहे, आणि त्याला मॅक्स२३२ नाही तर मॅक्स३२३२ लावा ३.३ व्होल्टवर, पाच व्होल्ट त्याच्या पिनांना सोसत नाही.

डबा नको म्हणून यूएसबी टू सिरीयल वायर आणि लॅपटॉप वापरणाऱ्यांना हेच दुखणं वेगळ्या रूपात येतं. एफटीडीआयच्या (अशा वायरमधल्या चिपच्या) ड्रायव्हरमधे लेटन्सी टायमर मुळात १६ मिलिसेकंदावर असतो, म्हणजे मशीनचा "थांब" लॅपटॉपपर्यंत पोचायलाच तेवढा वेळ लागू शकतो, ९६०० बॉडला तेवढ्यात चौदा कॅरेक्टर निघून जातात. डिव्हाइस मॅनेजरमधे जाऊन तो १ किंवा २ करा आणि फ्लो कंट्रोल पाठवायच्या सॉफ्टवेअरमधे आणि पोर्टच्या सेटिंगमधेही एक्सऑन एक्सऑफ करा.

अजून एक, डब्यानं मशीनच्या ११ ची वाट बघितली पाहिजे. ऑपरेटरनं एडिट मोडमधे इनपुट दाबलं, स्क्रीनवर खाली एलएसके ही अक्षरं ब्लिंक व्हायला लागली की मशीन ११ पाठवतं. डब्यावरचं बटण दाबलं की लगेच पाठवायला सुरुवात असा कोड असेल तर कोण आधी दाबतो यावर सगळं अवलंबून, आणि मग "सकाळच्या शिफ्टला चालतं, रात्रीच्याला चालत नाही" असली कोडी तयार होतात.

८५ कडे येऊ. ८५ पहिल्याच सेकंदाला, दरवेळी येत असेल तर सेटिंग चुकलंय. सेटिंग पेजवरचा आय/ओ (कुठल्या चॅनेलमधून डेटा घ्यायचा तो नंबर) शून्यावर असेल तर बॉड रेट पॅरामीटर ५५२ मधे, १० म्हणजे ४८०० आणि ११ म्हणजे ९६००. स्टॉप बिट पॅरामीटर २ मधे. बदलायच्या आधी तुमच्या मशीनच्या मॅन्युअलशी ताडून घ्या आणि जुनी व्हॅल्यू लिहून ठेवा.

सेटिंग कुठलं चुकलंय ते ओळखायची एक सोपी युक्ती आहे. मशीनवरून प्रोग्राम बाहेर काढा आणि लॅपटॉपवर साध्या टर्मिनलमधे बघा. सगळाच कचरा दिसला तर बॉड रेट. पण जर जी, एम, एन, वाय, झेड, एस बरोबर येतायत आणि एक्स, ओ, एफ, टी च्या जागी काहीतरी चित्रविचित्र, आकड्यांमधे ०, ३, ५, ६, ९ बरोबर आणि १, २, ४, ७, ८ बिघडलेले, तर बॉड रेट अगदी बरोबर आहे, वायर पण बरोबर आहे, फक्त तुम्ही आठ बिट लावून बसलायत. ज्या अक्षरात एकांची संख्या सम ती सुखरूप येतात, विषमवाल्यांच्या डोक्यावर पॅरिटी बसते. हा पॅटर्न एकदा डोळ्यात बसला की लांबूनच ओळखू येतो.

पण कधी चालतं कधी नाही असं ८५ असेल तर सेटिंगला हात लावू नका, सेटिंग काही दुपारी बदलत नाही. आधी क्रिस्टल, म्हणजे चिपला घड्याळाचे ठोके देणारा पार्ट. काही जण डबा स्वस्तात करायला सुटा एटीमेगा३२८ क्रिस्टलशिवाय आतल्या ऑसिलेटरवर चालवतात. तो कारखान्यातून दहा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो आणि तापमानाबरोबर सरकतो. सिरीयलमधे दोन्हीकडचा मिळून फरक चार टक्क्यांच्या पुढं गेला की शेवटचे बिट चुकीच्या जागी वाचले जातात. सकाळी गार शेडमधे चालतो, मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली चालत नाही. ११.०५९२ मेगाहर्ट्‌झचं क्रिस्टल टाका, वीस रुपड्यांचा मामला आहे, या नंबरनं सगळे बॉड रेट तंतोतंत पडतात, १६ मेगाहर्ट्‌झ पण चालतं.

मग मॅक्स२३२. आयसी बदलायच्या आधी मीटर घ्या, काळा प्रोब पिन १५ ला. पिन १६ ला पाच व्होल्ट. पिन २ ला प्लस साडेआठ ते दहाच्या दरम्यान. पिन ६ ला मायनस साडेआठ-नऊच्या आसपास. आणि पिन १४, म्हणजे जिथून मशीनकडे जातं, काहीही पाठवत नसताना मायनस असला पाहिजे, कारण आरएस-२३२ मधे रिकामी लाइन मायनसमधे बसते. समोरच्याला प्लस किंवा मायनस ३ च्या बाहेर काहीही चालतं पण आपण निदान ५ तरी द्यायला हवेत. पिन ६ वर मायनस चार-साडेचार दिसत असेल तर डबा टेबलावर चालेल, दहा मीटर केबलवर फॅक्टरीत कुरकुर करेल.

पिन ६ कमी का येतो? तिथला कपॅसिटर उलटा बसवलेला असतो. मायनस व्होल्टेज असल्यामुळे त्या कपॅसिटरचं प्लस टोक ग्राउंडला जातं, आणि हात सवयीनं मायनस ग्राउंडला लावतो. इलेक्ट्रोलिटिक उलटा लावला की लगेच फुटत नाही, लीक होत राहतो, काही दिवस चालतो, आणि हळूहळू मरतो, म्हणून आज दुरुस्त उद्या परत. दुसरं कारण, साध्या मॅक्स२३२ ला १ मायक्रोफॅरड लागतात, आणि ०.१ वाले १०४ नंबरचे सिरॅमिक चालतात ते मॅक्स२३२ए ला आणि ३२३२ ला. नेटवरच्या एका सर्किटमधले कपॅसिटर आणि दुसऱ्यामधली आयसी असं मिश्रण फार बघायला मिळतं. आयसीवरचा पूर्ण नंबर वाचा, शेवटच्या अक्षरासकट. १५ आणि १६ च्या मधे एक १०४ अगदी आयसीला चिकटून हवाच. आणि काहीही न जोडता आयसी चटका बसण्याइतकी गरम होत असेल तर नंबर काहीही छापलेला असो, ती कचऱ्यात टाका, डुप्लिकेट माल भरपूर आहे बाजारात.

सगळं बरोबर आहे पण आयसी दर दोन-तीन महिन्यांनी उडते, अशांसाठी: तुम्ही केबल चालू मशीनवर लावता का? दोन पिनांच्या चार्जरवर चालणारा डबा किंवा लॅपटॉप अर्थला बांधलेला नसतो, चार्जरमधल्या छोट्या कपॅसिटरमुळे त्याचं ग्राउंड मेनच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत असतं. मीटर एसीवर लावून डब्याचं ग्राउंड आणि मशीनची बॉडी मोजा, शंभरच्या आसपास आकडा दिसला की दचकू नका, करंट अगदी थोडा आहे, पण केबल खुपसताना सिग्नलची पिन ग्राउंडच्या आधी टेकली की तो सगळा झटका मॅक्स२३२ च्या पोटात जातो. दोन्ही बंद करून केबल लावा. ऑपरेटर ऐकणार नाही हे गृहीत धरून दोन्ही सिग्नल लाइनवर ग्राउंडला पी६केई१५सीए हे टीव्हीएस डायोड (जास्तीचा झटका गिळणारे) लावा, त्यातलं सीए महत्त्वाचं, दोन्ही दिशांचा हवा.

आणि नॉइज. याची सोपी परीक्षा म्हणजे डबा पॉवर बँकवर चालवा, लॅपटॉप असेल तर चार्जर काढा. तेवढ्यानं ८५ थांबला तर तुमचा ग्राउंड लूप आहे, पुढं आयसीवर पैसे घालू नका. मशीनचं अर्थ एकीकडे, डब्याचं अर्थ भिंतीच्या सॉकेटमधून दुसरीकडे, आणि दोन्हींच्या मधे सिग्नल ग्राउंडची बिचारी बारीक तार, शेजारचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) पडला की सगळा फरक तिच्यातून वाहतो. चोवीस व्होल्ट मशीनमधून घेऊ नका म्हटलं ते याचसाठी, त्या चोवीसवर कूलंटचे आणि टूल चेंजचे सोलेनॉइड बसलेले असतात. केबलचं शिल्ड (आतल्या तारांभोवतीची जाळी) एकाच बाजूला, मशीनच्या बाजूला, क्लॅम्पनी अर्थ बारला बांधा, डब्याच्या बाजूला कापून टेप करा. केबल स्पिंडल मोटरच्या वायरबरोबर एकाच ट्रेमधून नेऊ नका. कूलंट पंप चालू बंद झाला की तुटत असेल तर त्या कॉन्टॅक्टरचा स्पार्क किलर (ठिणगी दाबणारा पार्ट) बघा, जुन्या मशीनमधे तो फुगून फाटलेला असतो.

एवढं करूनही जमलं नाही तर आयसोलेशन करा, म्हणजे ऑप्टोकपलरनं (प्रकाशातून सिग्नल देणाऱ्या आयसीनं) दोन्ही बाजू विजेनं वेगळ्या करा, पण ते पीसी८१७ नी नका करू. त्याच्या डेटाशीटमधला चार मायक्रोसेकंदांचा आकडा १०० ओहमच्या लोडवरचा आहे, आपण लावतो दहा के चा पुलअप, तिथं तो इतका सुस्त होतो की ९६०० ला १०४ मायक्रोसेकंदांचा बिट कडेनं खाल्ला जातो. मग लोक बॉड रेट १२०० करून चालवतात आणि ड्रिप फीडला मशीन ब्लॉक ब्लॉकला थांबतं, जॉबवर कटरचे डाग पडतात. ६एन१३७ वापरा, सिग्नल उलटतो ते लक्षात ठेवा, आणि दुसऱ्या बाजूच्या पॉवरला बी०५०५एस सारखा छोटा आयसोलेटेड कन्व्हर्टर. एकच पाच व्होल्ट दोन्ही बाजूंना दिला तर ऑप्टो लावून उपयोग काय.

राहिलं उलट्या दिशेचं, मशीनवरून डब्यात. बॅकअप घेताना मधली अक्षरं गायब होतात आणि कळतही नाही, कारण इकडे अलार्म द्यायला कुणी नाही. एसडी कार्ड लिहिताना मधेच शंभर-दोनशे मिलिसेकंद अडकतं, आणि आर्डुइनोचा घ्यायचा बफर ६४ बाइटचा, ४८०० ला तो १४७ मिलिसेकंदांत भरतो, ९६०० ला त्याच्या निम्म्यात. पुढची अक्षरं हवेत. मेगावर रॅम ८ केबी आहे, घ्यायचा बफर वाढवून १०२४ करा, आणि निम्मा भरला की डब्यानं मशीनला १३ पाठवावा, पॅरिटीसकट म्हणजे वायरवर ९३. हे सगळ्यात जास्त पॅरामीटरच्या बॅकअपला लागतं, कारण झीरो सिरीजमधे पॅरामीटर तीन मोठ्या डी साइझच्या सेलवर जगतात आणि गुरुवारच्या वीक ऑफला मेन बंद ठेवून शुक्रवारी सकाळी स्क्रीन कोरी बघितलेले लोक भोसरीत कमी नाहीत. सेल नेहमी कंट्रोल चालू ठेवूनच बदलायचे. आणि त्याआधी पॅरामीटर दोनदा बाहेर काढायचे, दोन्ही फाइल कम्पेअर करायच्या, एका अक्षराचा जरी फरक आला तर सेलच्या डब्याला हात न लावता आधी एसडीचा लोचा निस्तरायचा.